कुवरसिंगनानांची हरकत

कुवरसिंगनाना मला कळले, असं मी आयुष्यात म्हणणार नाही. सोळा-सतरा वर्षं झाली मला त्यांच्या पाड्यावरच्या आश्रमशाळेत शिकवायला लागून. दर रविवारी मी त्यांच्याच देवळात, म्हणजे पाड्यावरच्या चर्चात, बसते. त्यांच्या सरिताला मीच हात धरून बाराखडी गिरवायला शिकवली. आणि तरी, भर उपासनेत या माणसाने स्वतःच्याच पोरीच्या लग्नाला हरकत घेतली तेव्हा माझं डोकं जे गरगरलं ते अजून धड थांबलेलं नाही. सांगते सगळं. तुम्हाला काही उमगलं तर बघा.

आमचा पाडा चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. वर जंगल, खाली केळीच्या बागा. पावसाळ्यात लोक आपापल्या तुकड्यात मका-ज्वारी घेतात आणि बाकीचं वर्ष केळी कापायला खाली उतरतात. नाना त्या टोळीचे मुकादम. घरात पावरी बोलतात, बाहेर सगळ्यांशी खान्देशी. अंगातल्या सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग, डोक्याला उपरणं, आणि आवाज असा की बागेच्या या बांधावरून त्या बांधापर्यंत जातो.

एकदा मी त्यांचं काम बघायला मुद्दाम गेले होते. एक जण कोयत्याने घड कापतो, दुसरा तो खांद्यावर झेलतो, तिसरा गाडीपर्यंत नेतो, चौथा गाडीत थर लावतो. घड जमिनीवर आपटला की काळा पडतो आणि मग व्यापारी त्याकडे बघतही नाही. म्हणून कोयता पडायच्या आधी खाली खांदा हजर पाहिजे. कोणी कुठे उभं राहायचं ते नाना सांगतात, आणि उशिरा आलेल्याला गाडीत घेत नाहीत. सख्ख्या भावालाही एकदा रस्त्यात सोडून गाडी पुढे नेली होती म्हणे. भाऊ चार महिने बोलत नव्हता.

हाच माणूस आमच्या ख्रिस्ती मंडळीचा वडील होता. आमच्यात पाळकसाहेब दोन महिन्यांतून एकदा येतात, त्यांच्याकडे अशा कितीतरी मंडळ्या. मधल्या रविवारी मंडळी सांभाळायला गावातलाच एक जण नेमतात, त्याला वडील म्हणतात. नानांना नेमलं तेव्हा त्यांना अक्षरं जुळवून जुळवून वाचावं लागायचं. पण तेव्हा नाताळच्या जेवणाला तांदूळ आला तर लाकडं नसायची, आणि लाकडं आली तर भांडी नसायची. नानांनी उभं राहून सांगितलं, तू लाकडं, तू पाणी, तू भांडी. जेवण वेळेवर झालं. लोक इतके खूश झाले की पाळकसाहेबांनी त्याच दिवशी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना वडील नेमलं.

वीस वर्षं देऊळ त्यांनी टोळीसारखं चालवलं. आजाऱ्याला कोणत्या दिवशी कोण भेटणार, मयत झाली तर खड्डा कोण खणणार, पहिलं गाणं कोण उचलणार, सगळं ठरलेलं. उशिरा येणारा उपासना संपेपर्यंत दाराबाहेर. मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. आमच्या तिथल्या चर्चात पंख्याला कोणता रंग द्यायचा यावर कमिटी बसायची आणि दोन बैठकांनंतर पंखा होता तसाच राहायचा. त्यामुळे नानांचा कारभार मला सुरुवातीला फार आवडला. नंतर नंतर मात्र जरा जाच वाटायला लागला, हेही खरं.

मग गेल्याच्या आधीचा नाताळ आला. आमच्या दिवालीबाईचा धर्मेंद्र शेजारच्या पाड्यावरून ढोल आणायला गेला होता. रस्त्यात मोटरसायकल पंक्चर झाली आणि तो आला तेव्हा उपासना सुरू झालेली. नानांनी त्याला बाहेर ठेवलं. त्या कडाक्याच्या थंडीत पोरगा ढोल कवेत घेऊन दाराबाहेर उभा, आणि आत आम्ही ढोलाशिवाय नाताळची गाणी म्हणतोय! मला तर गाता गाता हसू येत होतं आणि रागही.

दिवालीबाई म्हणजे बोलायला लागली की कोणाच्या बापाचं न ऐकणारी. नवरा लवकर गेला, एकटीने पोराला वाढवलं. ती तिथेच उठली.

"नाना, हाई देऊळ शे का केळीनी गाडी? आम्हना मुकादम वर बसेल शे. खाले आम्हले मुकादम नको!"

लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. वीस वर्षांचं साठलेलं होतं ना. सगळे सारखे, ज्याला वाटेल तो प्रार्थना करील, ज्याला सुचेल तो गाणं उचलेल, वडील-बिडील काही नको, असं तिथल्या तिथे ठरलं. नानांनी हातातली घंटी टेबलावर ठेवली. "बरं. आजपाईन मन्हं तोंड बंद," एवढंच म्हणाले आणि दाराजवळच्या शेवटच्या चटईवर जाऊन बसले.

आणि खरंच, तोंड बंद म्हणजे बंद. गाणंसुद्धा ओठांतल्या ओठांत.

पुढचं वर्ष कसं गेलं म्हणून विचारू नका. पहिले दोन-तीन रविवार फार छान वाटलं, मोकळं मोकळं. मग एका रविवारी तिघांनी तीन गाणी एकदम सुरू केली आणि तिघंही मागे हटेनात. पुढच्या रविवारी कोणीच सुरू करेना, आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. मोबाइलवर मंडळीचा ग्रुप काढला, त्यात सगळे सारखे म्हणून सगळेच ॲडमिन. कोणाच्या तरी बोटाने पाळकसाहेबच ग्रुपबाहेर गेले, आणि ते आत नाहीत हे आम्हाला महिनाभराने कळलं.

पण वनाआबांचं झालं ते हसण्यासारखं नव्हतं. वनाआबा म्हणजे आमच्यातले सगळ्यात म्हातारे. त्यांना चोपड्याला दवाखान्यात ठेवलं. पहिल्याच दिवशी अख्खी मंडळी तिथे धडकली, बायका-पोरांसकट. नर्सबाई ओरडायला लागली, कोणी जिन्यात बसलंय, कोणी व्हरांड्यात प्रार्थना करतंय. दुसऱ्या दिवसापासून एक माणूस गेला नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा गेला असेल. म्हाताऱ्याची बायको ताईबाई एकटी उशाशी बसून, चहा आणायला उठावं तरी पंचाईत. आबा घरी आल्यावर म्हणाले, "पहिल्या दिवशी एवढी माणसं बघून वाटलं मी मेलो. नंतर कोणीच येईना, तेव्हा वाटलं आता खरंच मेलो." सगळे हसले. ताईबाई हसली नाही.

मी तडक नानांकडे गेले. "तुम्ही तरी जायचं होतं!"

"मी गयथू ना. पहिला दिन, बठ्ठासना संगे."

"सगळ्यांबरोबर गेलात. आणि नंतर?"

"नंतरनं माले कोनी सांगं?"

आता याला काय म्हणायचं? कोणी सांगितलं नाही म्हणून आजाऱ्याकडे जायचं नाही? मला संताप आला. आणि घरी येताना वाटेत लक्षात आलं की मीही पहिल्याच दिवशी गेले होते.

आता खरी गंमत ऐका. त्या नाताळच्या रात्री धर्मेंद्र बाहेर कुडकुडत होता ना, तेव्हा बापाची नजर चुकवून सरिताने आपली शाल त्याला नेऊन दिली होती. तिथून दोघांचं जुळलं. मला वाटलं आता दोन्ही घरांत कुऱ्हाडी निघतील. छे! नाना म्हणाले, पोरगा मेहनती आहे. दिवालीबाई म्हणाली, पोरगी गुणाची आहे. दोघं एका खाटेवर बसून चहा प्यायले. घरात यांचं भांडण नव्हतंच, होतं ते फक्त देवळात.

पाळक रतिलाल गावितसाहेब आले तेव्हा तारीख ठरली. पुढे ईस्टरआधीचा उपवासकाळ लागणार होता, आणि त्या दिवसांत आमच्यात लग्न लावत नाहीत. ईस्टरनंतर साहेबांची बदली. नवे पाळक कधी येतील, येतील की नाही, कोणालाच ठाऊक नाही. म्हणून उपवासकाळ लागायच्या आदल्या दिवशी लग्न. पण त्याआधी तीन रविवार पुकारा व्हायला हवा. म्हणजे मंडळीसमोर उभं राहून सांगायचं, अमक्याचं तमकीशी लग्न ठरलंय, कोणाची हरकत असेल तर आताच बोला. तीन पुकारे झाले नाहीत तर साहेब लग्न लावत नाहीत, मग मांडव पडलेला असो नाहीतर जेवण शिजलेलं असो. हातात रविवार चार. साहेबांनी मोटरसायकलला किक मारता मारता आणखी काहीतरी सांगितलं, ते आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही. आम्ही सगळे "करू, करू" म्हणालो.

पहिला रविवार. सरिता हिरवी साडी नेसून पुढे बसली. पुकारा झाला की नवरी गूळ-शेंगदाणे वाटते, तो डबा तिच्या मांडीवर. गाणी झाली. प्रार्थना झाली. आणखी एक प्रार्थना झाली. मग सगळे गप्प. आमच्यातला जीवराम खाकरला आणि उठला, मला वाटलं चला, सुटलो! तर त्याने जाऊन खिडकी लावली आणि परत बसला. दिवालीबाईला वाटलं नवरीकडचं कोणी उठेल, नवरीकडच्यांना वाटलं नवऱ्याकडचं. मला वाटलं, मी कशाला मधे तोंड घालू. उपासना संपली. नाना शेवटच्या चटईवर मांडी घालून बसलेले, छपराकडे बघत.

सरिता बाहेर येऊन माझ्यावरच फुटली. "बाई, माझं नाव घ्यायला लाज वाटते का हो कोणाला?" आणि डबा छातीशी धरून रडायलाच लागली.

संध्याकाळी मी नानांच्या दारात. "नाना, पोरीचं लग्न राहील! करा ना तुम्ही पुकारा!"

"मी कोण? बाप. बाप आपली पोरना पुकारा करत नही."

"मग कोण करेल?"

"जेले मंडळी नेमी तो."

"अहो, कोणालाच नेमलेलं नाही!"

"तेच तर," म्हणाले आणि बिडी पेटवली.

मी चहाचा कप असा आपटला की बशीला तडा गेला. "बाई, त्या बिचारा कपनी काय चुकी शे?" म्हणून वर हसले! मी तरातरा निघून आले. बाप आहे की कोण हा, रात्रभर मनात तेच.

दोन दिवसांनी दिवालीबाई शाळेत आली. म्हणाली, बाई तुम्ही वाचा. मी म्हटलं, मी बाहेरची, मला कोणी ऐकायचं? मग ती पदर खोचत म्हणाली, "तर मग मीच उठते. माझ्या पोराचं लग्न मी वाऱ्यावर सोडणार नाही."

दुसऱ्या रविवारी पहिलं गाणं संपताच ती पुढे गेली. घंटी वाजवली. दोघांची नावं, दोघांच्या बापांची नावं, सगळं नीट सांगितलं. मग म्हणाली, कोणाची काही हरकत असेल तर आताच बोला. मला वाटलं, झालं बाई एकदाचं.

"माले शे."

मागून. शेवटच्या चटईवरून. वर्षभरात पहिल्यांदा त्या देवळात तो आवाज ऐकला आम्ही.

एकच गलका झाला. सरिताचा चेहरा पांढराफटक. धर्मेंद्र उठून उभा. कोणी म्हणालं, म्हातारा डूख धरून बसला होता! मलाही तेच वाटलं, खोटं कशाला बोलू. नाना उठले आणि हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"पोरगा सोनं शे. पोर मन्ही शे. त्यासनी हरकत नही. दिवाली, मन्ही हरकत तुले शे. तू उभी ऱ्हायनी. तुले उभं कोनी करं?"

"मंग कोन उभं ऱ्हाई? कोनी उठत नव्हतं!"

"पाळकसाहेब जाताना काय बोलनात? नेमेल मानूसनीच पुकारा कराना. उद्या त्यासनी इचारं, हाई बाईले कोनी नेमं, ते काय सांगशी? मंग मन्ही पोर मांडवमा बसी ऱ्हाई?"

मोटरसायकलच्या आवाजात आम्ही जे ऐकलं नव्हतं ते यांनी ऐकलं होतं. आणि वर आठवडाभर गप्प! दिवालीबाईच्या डोळ्यांत अंगार. "असं का! म्हणजे तुलाच परत मुकादम व्हायचंय. हो बाबा, हो! घे ती घंटी!"

आम्ही सगळे तेच समजलो होतो.

"माले नको," नाना म्हणाले. "मी दिवालीनं नाव सांगस. जेले मान्य शे, त्यानी हात वर करा." आणि पहिला हात स्वतःचाच वर केला.

मी इकडे बघते, तिकडे बघते. ज्या बाईने वर्षापूर्वी चारचौघांत याचं मुकादमपण काढून घेतलं, तिच्यासाठी हा हात वर करून उभा! लोकांना काही सुधरेना. एक हात वर, मग खाली, मग परत वर. वनाआबांनी बसल्या जागी हात उचलला. मग एकेक करत सगळे झाले. माझाही.

दिवालीबाई एकदम मऊ पडली. "माले वाचता येत नही धड."

"माले कोठे येत व्हतं?"

तिने घंटी उचलली. मग म्हणाली की एकटीने नाही करणार. आजाऱ्यांकडे कोण कधी जाईल ते जीवराम बघेल. गाणी ताईबाई ठरवेल. आणि ती चुकली तर तिच्या तोंडावर सांगायचं, मागून नाही. कबूल असेल तरच. सगळे कबूल म्हणाले. मग तिने पुन्हा घंटी वाजवली आणि पुकारा पहिल्यापासून केला. या वेळी हरकत विचारल्यावर ती थेट मागे बघून थांबली. नाना मांडी घालून बसले होते, छपराकडे बघत. सरिताने गूळ-शेंगदाणे वाटले. बापाच्या हातावर ठेवताना ती रडत होती का हसत होती, मला सांगता येणार नाही.

बाहेर पडल्यावर मी नानांना गाठलंच. "आधी नव्हतं का बोलता येत? पोरीचा जीव गेला असता!"

"माले इचारं कोनी?"

बघा! म्हणजे हा वर्षभर कोणीतरी विचारायची वाट बघत होता? की सगळ्यांची जिरवायची होती? मी पाळकसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, हो, नेमलेलाच माणूस हवा असं मी सांगितलं होतं. म्हणजे नाना बरोबर होते. बरोबर असूनही मला त्यांचा राग येत होता, आणि राग येत असूनही त्यांचा तो वर झालेला हात डोळ्यांपुढून हलत नव्हता.

पुढच्या रविवारी दुसरा पुकारा बिनबोभाट झाला. तिसऱ्याच्या दिवशी नाना आलेच नाहीत. उपासना सुरू झाली, दिवालीबाई प्रार्थनेला उभी राहिली, आणि दारात नाना. वीस वर्षांत हा माणूस उशिरा आलेला कोणी बघितला नव्हता. ते आत आले नाहीत. आपल्याच नियमाप्रमाणे बाहेर उन्हात उभे राहिले. दिवालीबाईने प्रार्थना पूर्ण केली, पुकारा केला, हरकत विचारली. सगळ्यांच्या माना दाराकडे.

"उशिरा येनारले बोलाना हक्क नही," बाहेरून आवाज आला.

देऊळ हसून हसून लोटपोट. दिवालीबाईही हसली. मग तिने घंटी खाली ठेवली, सगळ्यांच्या मधून चालत दारापर्यंत गेली आणि नानांचा हात धरला. "प्रार्थना झायी, नाना. चल आत." हाताला धरून तिने त्यांना आणलं आणि पुढच्या चटईवर बसवलं.

दोन दिवसांनी लग्न. मांडवात सरिताने मला हळूच सांगितलं की त्या रविवारी बाबांना केळीची गाडीबिडी काही भरायची नव्हती. सकाळीच आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते देवळामागच्या मोहाच्या झाडाखाली बसून होते. माझं डोकं परत फिरलं. मी नानांना कोपऱ्यात ओढलं. "मुद्दाम उशीर केलात? पोरीच्या पुकाऱ्याच्या दिवशी?"

"देखनं व्हतं."

"काय बघायचं होतं?"

त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, मग डोळे पुसले.

"बाहेर ठेवस का आत लेस ते. मी वीस वरीसमा कोनलेच असा हात धरीसन आत आनं नही, बाई."

एवढं बोलून ते चुलाण्याकडे गेले, कारण लाकडं आणणारी माणसं अजून आली नव्हती.